गळती, दोन ग्रॅम

नमुना क्रमांक सतरा मक्याच्या सोपटात आला,
सोपटाच्याच फाडलेल्या पट्टीने बांधलेला.
आमच्या फ्रीजमध्ये बाकी सगळं बाटल्यांत राहतं,
हा एकटाच शिदोरीसारखा.

आणणारी बाई राबिनालची, फिदेन्सिया शितुमुल.
बसमध्ये अख्खी सकाळ मांडीवर हे गाठोडं,
आणि दारात पहिला प्रश्न : चपला काढायच्या का?

डॉक्टर म्हणाले, प्रक्रिया सांगा.
ती म्हणाली, प्रक्रिया कसली, रांधणं आहे.
होकोतेच्या झाडावर चढायचं, किडे वेचायचे,
पीठ फासल्यासारखे पांढरे, पुसलं की आत तांबूस.
तुमच्या कुंडीतल्या पिठ्या ढेकणाची थोरली बहीण म्हणा.
सगळे काढायचे नाहीत.
काही माद्या चिंधीत जपायच्या,
पुढच्या पावसाला झाडाची उधारी फेडायला.
उरलेल्या उकळायच्या, फडक्यातून पिळायच्या,
आणि गार पाण्यात लोण्यासारखं मळत बसायचं
पिवळं होईस्तोवर.

किती मिनिटं? डॉक्टरांनी पेन उचललं.
हाताला कळतं, ती म्हणाली.
मी रकान्यात लिहिलं : वेळ, नोंद नाही.

आणि कशाकशावर लावता?
मुरगळलेला घोटा. बाळंतिणीची कंबर.
पोराच्या छातीतला कफ. आणि तुंबे.
तुंबे?
मग काय! जत्रेतल्या खुळखुळ्यांना चकाकी कुठून येते?
तुंब्यावर चोळलं की ते टणक होतं,
वर्षानुवर्षं पाण्याला आत येऊ देत नाही.
माणसावर चोळलं की माणूस सैल पडतो.
तेल एकच.
त्याला ओळखता येतं, आत काय आहे आणि काय नाही.

ती गेल्यावर यंत्राने घास घेतला.
कागदावर डोंगर उमटले, एक उंच, दोन ठेंगणे,
चौथ्याला नावच सापडेना.
बशीतल्या पेशींची सूज थोडी उतरली.
बशीतल्या, डॉक्टरांनी दोनदा बजावलं,
बशीला कंबर नसते.

माझं नाव ओफेलिया तेकू.
अकरा वर्षं मी पिपेट दाबते आहे,
रोज नऊशे थेंब,
आणि उजवा खांदा आता माझा राहिलेला नाही,
प्रयोगशाळेचाच झाला आहे, बाकीच्या सामानासारखा.

माझी आईही राबिनालचीच.
सैनिक आले त्या वर्षी एका रात्रीत निघाली,
भाषा मागे ठेवून, की तोंडात दाबून, मला कळलं नाही.
माझी छाती भरली की
निळ्या डबीतला बाम चोळायची,
मग स्वतःचीच बोटं हुंगायची
आणि म्हणायची, हे ते नव्हे.
प्रत्येक हिवाळ्यात. हे ते नव्हे.
ते म्हणजे काय, मी कधी विचारलं नाही.
मुलांना वाटतं, आया असंच काहीतरी बोलतात.

गुरुवारी सगळे गेल्यावर
मी सतरा नंबरचं सोपट उघडलं.
ओलं लाकूड, विझलेली मेणबत्ती,
आणि खाली कुठेतरी आंबट फळ.
बोटं नाकाशी नेली.
बराच वेळ तिथेच ठेवली.

मग ब्लाउजची बटणं सोडून,
सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत,
डाव्या हाताने उजवा खांदा,
वाकडातिकडा, जमेल तसा.

सकाळी दुखत नव्हता.
किंवा दुखत होता आणि मी लक्ष दिलं नाही.
तुलनेसाठी दुसरी ओफेलिया नव्हती,
तेल न लावलेली, आई न आठवलेली.
असा पुरावा कोणी छापत नाही, आणि बरोबरच आहे.

वजनात घट : दोन ग्रॅम. कारण : गळती.
डॉक्टरांनी सोपट उलटंपालटं करून पाहिलं.
मक्याला गळती? म्हणाले.
मी खांदे उडवले.
दोन्ही.

फक्त अंगठ्याच्या नखावर थोडं राहून गेलं होतं.
ते आता वाळलंय, तुंब्यासारखं चकाकतंय.
स्पिरिटने घासलं, ॲसिटोनने घासलं.
निघत नाही.